रूथचा अर्धवट स्वयंपाक

माझी भाची नागपूरच्या मेडिकलला शिकते. सुट्टीत कामठीला आली की कपड्यांच्या बॅगेपेक्षा पुस्तकांचीच बॅग जड असते. मागच्या खेपेला दुपारी ती झोपली आणि मी सहज तिचं एक पुस्तक चाळायला घेतलं. एका पानावर थांबले. मेंदूच्या कडेवर एक विचित्र माणूस आडवा पसरलेला. ओठ हे एवढे मोठे, हाताचा अंगठा अंगापेक्षा जाड, आणि पाठ, पोट, पाय अगदी इवलेसे. मला हसूच आलं. भाची उठल्यावर तिनं समजावलं. शरीराच्या ज्या भागाला मेंदूत जास्त जागा, तो भाग चित्रात मोठा. बोलायला ओठ आणि कामाला हात, म्हणून त्यांना एवढा मान. असं चित्र पहिल्यांदा १९३७ साली छापलं गेलं आणि ते श्रीमती कॅन्टली नावाच्या एका चित्रकार बाईंनी काढलं होतं. पण कुठल्या अवयवाला मेंदूत किती जागा, हे कळलं कसं, असं मी विचारलं. तर म्हणाली, मिरगीच्या पेशंटच्या ऑपरेशनमधून. डॉक्टर पेनफिल्ड.

मिरगी हा शब्द आमच्या घरात कितीतरी वर्षांनी असा मोठ्यानं उच्चारला गेला, आणि मला माझी आत्या आठवली.

आत्याला फिट यायची. पण घरात त्याला फिट म्हणायचं नाही, चक्कर म्हणायचं, असं आजीनं ठरवून टाकलं होतं. चक्कर आली की आधी दार लोटायचं. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल हुंगवायचं, कुणी दातांमध्ये चमचा घालायचं. अशाच एका चमच्यानं तिचा पुढचा दात तुटला होता. १९७७ साली तिचं लग्न झालं. सासरी काही सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत चुलीपाशी फिट आली, डावा हात कोपरापर्यंत भाजला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मी तेव्हा शाळेत होते. हात बरा झाल्यावर एक दिवस ती, आजोबा आणि एक वकील कोर्टात गेले, एवढंच मला आठवतं. त्या कोर्टाची गोष्ट पुढे येईलच.

भाचीनं नाव सांगितल्यावर मी पेनफिल्ड यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. मेंदूचा नकाशा काढणारा मोठा शास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना ओळखतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यात सगळ्यात आधी दिसल्या त्या बायका. आई, बहीण, आणि ऑपरेशनच्या टेबलावर जागेपणी बोलणाऱ्या कितीतरी जणी.

वाइल्डर पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१चा, अमेरिकेतल्या स्पोकेन या गावातला. वडील डॉक्टर होते, पण दवाखाना काही नीट चालला नाही. वाइल्डर आठ वर्षांचा असताना आई, जीन, मुलांना घेऊन हडसन या गावी आपल्या माहेरी आली. म्हणजे तिथलीही बाई शेवटी माहेराच्याच आधारानं उभी राहिली! जीन मोठी जिद्दीची. मुलगा तेरा वर्षांचा असताना तिनं ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीबद्दल वाचलं आणि हे तुला मिळवायचंय असं त्याच्या डोक्यात घातलं. ते त्यानं मिळवलंही. प्रिन्स्टनमध्ये फुटबॉल खेळत शिकला आणि १९१५ साली ऑक्सफर्डला पोचला. घर सोडल्यापासून आईला दर आठवड्याला एक पत्र. कामाचं, पैशांचं, मनातल्या शंकांचं सगळं त्यात. १९३५मध्ये आई जाईपर्यंत हा नेम सुटला नाही. आईनं ती सगळी पत्रं जपून ठेवली, आणि म्हातारपणी पेनफिल्डनी आत्मचरित्र लिहिलं ते याच पत्रांच्या आधारानं. आपल्याकडे मुलगा मोठा झाला की आईला फोन करायचाही विसरतो, असं आपण म्हणतो... असो.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना दोन गुरू भेटले. मज्जासंस्थेचे शास्त्रज्ञ शेरिंग्टन, आणि पेशंटच्या खाटेशी बसून वैद्यक शिकवणारे विल्यम ऑस्लर. मार्च १९१६मध्ये पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ते ज्या बोटीनं फ्रान्सला निघाले होते, त्या बोटीवर पाणतीर आदळला. पाय जबर जखमी झाला. बरे होईपर्यंत ते ऑस्लर यांच्या घरीच राहिले. पुढच्या वर्षी हडसनच्याच एका डॉक्टरच्या मुलीशी, हेलनशी लग्न झालं. १९१८ साली डॉक्टरकीची पदवी, मग न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून काम. तिथून माद्रिदला जाऊन मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची विद्या शिकले. १९२८मध्ये जर्मनीत ब्रेस्लाऊला फोर्स्टर यांच्याकडे गेले. डोक्याला गोळी लागून ज्यांना नंतर फिट यायला लागली, अशा सैनिकांच्या मेंदूतला तो व्रण फोर्स्टर काढून टाकत. तेही पेशंटला पूर्ण भूल न देता. त्याच वर्षी पेनफिल्ड कॅनडात मॉन्ट्रियलला रुजू झाले.

आणि तीनच महिन्यांत बहीण आली.

रूथ ही त्यांची थोरली बहीण. तिला मुलगी असल्यापासून झटके येत. घरच्यांनी तेव्हा ते फारसं बोलून दाखवलं नाही, काहीतरी नसांचा अशक्तपणा असेल असं समजून दिवस काढले. वाचताना मला आमच्या आजीचं दार लोटणं आठवलं. अमेरिकेतलं डॉक्टरचं घर, आणि कामठीतलं आमचं घर, पण गप्प बसायची रीत एकच! पुढे रूथचं लग्न झालं, सहा मुलं झाली, ती कॅलिफोर्नियात राहू लागली. १९२८ साली डोकेदुखी असह्य झाली, नजर अधू व्हायला लागली, झटके वाढले. तपासणीत मेंदूत गाठ असल्याचं दिसलं.

आता ऑपरेशन कुणी करायचं? सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर भावानं हत्यार चालवायचं का? शेवटी डिसेंबर १९२८मध्ये पेनफिल्डनीच ते केलं. सोबत मित्र आणि सहकारी डॉक्टर कोन. रूथला फक्त कातडी बधिर करायचं इंजेक्शन होतं, ती जागी होती, बोलत होती. उजव्या बाजूच्या पुढच्या भागात मोठी गाठ निघाली. ती काढता काढता रक्त वाहायला लागलं. कोन आता पुरे म्हणत होते. पेनफिल्ड थांबले नाहीत, आणखी खोल गेले. तरी गाठीचा आतला तुकडा राहिलाच. त्याला हात लावला असता तर रूथ टेबलावरच गेली असती.

रूथ वाचली. आपल्या घरी, मुलांमध्ये परत गेली. बोलणं छान, आठवण छान, स्वभाव तोच प्रेमळ. भेटायला येणाऱ्याला वाटावं, हिला काही झालंच नव्हतं. पण पेनफिल्डनी एक गोष्ट टिपली, आणि माझ्या मते ती एखाद्या बाईनंच टिपावी अशी आहे.

ऑपरेशनला सव्वा वर्ष झालं होतं. रूथनं एका संध्याकाळी स्वयंपाक करायचं ठरवलं. एक पाहुणा आणि घरातली चार माणसं. मोठा बेत नव्हता, साधं जेवण. तिला हौस होती आणि सगळा दिवस हाताशी होता. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभीच होती. सगळं सामान समोर मांडलेलं. एकदोन भांडी शेगडीवर चढलेली. पण कोशिंबीर झालेली नाही, मटणाला तर हातही लावलेला नाही, आणि ती दिवसभर एकटी धडपडून घाबरीघुबरी झालेली. तिला काही येत नव्हतं असं नाही. एकेक पदार्थ तिला येत होता. कुणी शेजारी उभं राहून आता हे घे, आता ते ठेव, असं सांगितलं की ती भराभर सगळं करायची. गेला होता तो फक्त क्रम.

आपण रोज किती सहज करतो हे! एकीकडे कुकर लावायचा, तेवढ्यात कणीक भिजवायची, मधेच दूध उतू जाऊ द्यायचं नाही, पोळ्या शेवटी म्हणजे गरम राहतील. याला कुणी बुद्धीचं काम म्हणत नाही. पेनफिल्डनी म्हटलं. मेंदूचा पुढचा भाग काय करतो, हा प्रश्न तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांना पडलेला होता. १९३५मध्ये इवान्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक लेख छापला, त्यात तीन पेशंटची हकिगत होती, आणि त्यातली एक रूथ होती. रक्ताचे रिपोर्ट आणि ऑपरेशनचे तपशील यांच्या शेजारी तिचं ते अर्धवट राहिलेलं जेवण छापून आलं. पुढे ठरवणं आणि कामाचा क्रम लावणं हे त्या भागाचं काम, हे आज भाचीच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीमागे एका बाईची अख्खी दुपार आहे.

रूथ फार जगली नाही. गाठ परत वाढली. बोस्टनच्या हार्वी कुशिंग यांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं, पण १९३१मध्ये ती गेली. पेनफिल्डनी आत्मचरित्रात हे दुःख लपवलेलं नाही. एका सर्जननं एकट्यानं लढायची ही गोष्टच नाही, फिट तपासणारा डॉक्टर, सर्जन, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, नर्स हे सगळे एका छपराखाली हवेत, हा त्यांचा विचार बहिणीच्या जाण्यानं पक्का झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशननं १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली आणि १९३४च्या सप्टेंबरात मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. पुढची २६ वर्षं, म्हणजे १९६०मध्ये निवृत्त होईपर्यंत, ते तिथले संचालक होते.

आता ते ऑपरेशन कसं चालायचं ते सांगते. ऐकायला भीती वाटते, पण ऐका.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. कापलं तरी कळत नाही. दुखतं ते कातडीला आणि वरच्या आवरणाला. म्हणून तेवढाच भाग बधिर करायचा. पेशंट कुशीवर झोपलेला, अंगावर चादरींचा तंबू, चेहरा मोकळा. एक माणूस सतत त्याच्या तोंडासमोर बसून गप्पा मारणारा. पेनफिल्ड मेंदूवर ठिकठिकाणी विजेच्या बारीक तारेनं अगदी हलका स्पर्श करायचे आणि काय वाटलं ते विचारायचे. कुणाचा अंगठा हलायचा, कुणाच्या जिभेला मुंग्या यायच्या. तिथे आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवायचा आणि शब्द न् शब्द लिहून घ्यायचा. त्या विचित्र माणसाचं चित्र तयार झालं ते या चिठ्ठ्यांवरून. पण खरा हेतू चित्राचा नव्हता. बोलण्याचा भाग कुठला, हात चालवण्याचा कुठला, हे आधी कळलं तर तो वाचवून रोगी तुकडा काढता येतो. आणि बहुतेकांना फिट येण्याआधी काहीतरी जाणवतं. पोटातून वर चढणारी लहर, एखादा वास, एखादा आवाज. तारेच्या स्पर्शानं नेमकं तेच जाणवलं, की चोर सापडला.

म्हणजे बघा, पेशंटनं सांगितल्याशिवाय हे ऑपरेशन होणारच नव्हतं. मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरला त्या क्षणी तिच्या तोंडाकडे बघत थांबावं लागायचं.

कधीकधी उत्तरं फार अजब यायची. एक बाई म्हणाली, गाणं ऐकू येतंय. तिला वाटलं, खोलीत कुणी ग्रामोफोन लावलाय. त्याच जागी परत स्पर्श केला की परत तेच गाणं. चौदा वर्षांच्या एका मुलीला लहानपणचा एक प्रसंग पुन्हा दिसला. गवताच्या कुरणातून ती चाललीय, भाऊ पुढे आहेत आणि मागून एक माणूस पिशवीत साप असल्याचं सांगून घाबरवतोय. तिच्या फिटची सुरुवातही नेहमी याच भीतीनं व्हायची. आणि एक तरुण आई. तारेचा स्पर्श झाला आणि ती आपल्या स्वयंपाकघरात पोचली. बाहेर अंगणात तिचा लहानगा खेळतोय, त्याचा आवाज येतोय, आणि रस्त्यावरून मोटारी जाताहेत, तिकडेही तिचा एक कान आहे. ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा तिचा एक कान मुलाकडेच!

हे वाचून पुष्कळांना वाटलं, मेंदूत आयुष्याची सगळी फिल्म जशीच्या तशी साठवलेली असते. पेनफिल्डनाही तसं वाटू लागलं होतं. नंतरच्या संशोधकांनी ते मान्य केलं नाही. असे अनुभव फार थोड्या पेशंटना आले, आणि त्यात आठवण किती आणि स्वप्नासारखं किती, हे सांगणं कठीण आहे.

चुकाही झाल्या. १९५१मध्ये एका इंजिनियरचं त्यांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं, डाव्या कानशिलाच्या आतला भाग काढला, आणि त्या माणसाची नवी आठवण ठेवायची ताकदच गेली. सकाळी झालेलं दुपारी आठवेना. आणखी एका पेशंटला असंच झालं. पेनफिल्डनी प्रकरण दाबलं नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ तेव्हा त्यांच्याकडे नव्यानं आल्या होत्या. त्यांना या पेशंटचा बारकाईनं अभ्यास करायला सांगितलं आणि दोघांनी मिळून तो जाहीरपणे मांडला. या माणसांच्या दुसऱ्या बाजूचा तोच भाग आधीपासूनच खराब असणार, असा त्यांचा अंदाज होता. तो इंजिनियर वारल्यानंतर मेंदू तपासला तेव्हा अंदाज बरोबर निघाला. तेव्हापासून असं ऑपरेशन करायच्या आधी दोन्ही बाजूंची स्मरणशक्ती तपासायची गरज डॉक्टरांच्या ध्यानात आली.

पेनफिल्ड यांच्या हाताखाली जगभरातून डॉक्टर शिकायला यायचे. केरळचे डॉ. जेकब चांडी तिथूनच शिकून आले आणि १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. मुंबईचे डॉ. राम गिंडे, आपले बेळगावकडचे, तेही मॉन्ट्रियललाच शिकले. म्हणजे ती विद्या आपल्या देशात केव्हाच आली होती. अर्थात ऑपरेशन लागतं ते थोड्यांनाच. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य औषध नेमानं घेतलं तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गार्डिनालसारखं औषध तर १९१२पासून माहीत आहे. आमची आत्या माहेरी परत आल्यावर तेच घेऊ लागली आणि तिच्या फिट वर्षाला एकदोनवर आल्या. लग्नाआधी का नाही दिलं? कारण औषध आणायचं तर डॉक्टरकडे जावं लागतं, आणि डॉक्टरकडे गेलं तर गल्लीला कळतं.

निवृत्तीनंतर पेनफिल्ड लेखनात रमले. आईनं एक कादंबरी लिहायला घेतली होती, ती अपुरी राहिली होती. त्यांनी तो विषय हातात घेऊन स्वतः कादंबरी पुरी केली, ती १९५४मध्ये आधीच आली होती. शेवटचं काम आत्मचरित्राचं. ते संपवलं आणि थोड्याच आठवड्यांत, ५ एप्रिल १९७६ला, ते मॉन्ट्रियलमध्ये वारले. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं.

आणि आता कोर्टाची गोष्ट. पेनफिल्ड गेले त्याच वर्षी, १९७६च्या मे महिन्यात, आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली. वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती लग्नाला योग्य नाही, असं त्यात आलं. वेड आणि मिरगी एका ओळीत! तिकडे एका माणसानं आयुष्य घालवून हा मेंदूतल्या एका जागेचा आजार असल्याचं दाखवलं होतं, आणि इकडे त्याच आजारावरून लग्न रद्द करून घेता येऊ लागलं. आमच्या आत्याचं लग्न असंच रद्द झालं. कागदोपत्री सगळं कायदेशीर. अपस्मार हा शब्द त्या कायद्यातून निघाला १९९९मध्ये. तोवर आत्याचे केस पिकले होते. आम्ही लपवलं ही आमची चूकच, ते मी नाकारत नाही. पण सांगितलं असतं तर कुणी केली असती का हो?

चमच्याचं सांगायचं राहिलं. भाचीनं बजावून सांगितलंय, तेच तुम्हाला सांगते. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा-चप्पल काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, जवळची शेगडी, अवजार बाजूला करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा एकामागून एक यायला लागलं, तर थेट दवाखाना.

आत्या आमच्याकडेच राहिली. पापड-कुरडयांची कामं घ्यायची, कन्हानवर सणाला नदीकाठी जायची, पण पाण्यात पाय घालायची नाही. स्वयंपाक उत्तम. फक्त एक खोड होती. मधेच, काही कारण नसताना, भाजी अर्धी कच्ची असताना स्टो बंद करायची आणि भिंतीला टेकून खाली बसायची. आजी चिडायची, आईही चिडायची. आम्ही मुलं कच्च्या बटाट्यावरून तिला चिडवायचो. पुष्कळदा पुढे काही व्हायचंही नाही, दहा मिनिटांनी उठून ती परत स्टो पेटवायची.

ती जायच्या वर्षभर आधी, एका दुपारी कुरडया वाळत घालताना मी तिला विचारलं होतं, फिट यायच्या आधी तुला काही कळतं का गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, कळतं ना. पोटातून काहीतरी वर वर चढतं आणि जळक्या मेथीचा वास येतो. घरात मेथी नसली तरी येतो. तो आला की आधी विस्तव विझवायचा.

चाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, हे तिनंच मला सांगितलं आणि कुरडईचा सोऱ्या पुन्हा हातात घेतला.